हात माहा, शाबास तिले

बोरी अरब,
ता. १२ मार्च १९६१

चि. रुखमे,

मुकुटबनले सारे खुशाल असतीन असं मीच धरून चालते. तुह्या पत्रात बाबाराव सोडून दुसऱ्या कोणाची खबर नसते. गाय व्याली का मेली, सून माहेराहून आली का नाई, काही पत्ता नाई. चार पानं, आन् चारही पानांवर नातू.

नात नंदा वाचून दाखवते, मी ऐकते. माहा पोरगा देवराव बाजूले बसून सुपारी कातरते आन् गालात हासते. बाबाराव नागपूरले शेतकी कॉलेजात गेला. बाबारावनं खाकी पँट शिवली. बाबाराव मातीचं पृथक्करण करते. हे पृथक्करण काय हाय थे मी पोट्टीले दोनदा विचारलं. माती कशाची बनली थे पाहाचं, म्हणते. आता सांग बाई, साठ वर्षं मातीत बसून मले ठाऊक नाई का थे? नांगर धरून धरून आपल्या बापाचे हात लाकडावानी झालते, त्यायले कोणतं कॉलेज होतं? कॉलेजात बैल किती हाय थे कळव. नसतीन तं आमचा एक म्हातारा हाय, त्याले ने म्हणा प्रोफेसर म्हणून.

मी जळून राह्यली असं तू म्हणशील. म्हण. खोटं नाई त्याच्यात. आपण मावस बहिणी, एका मांडवात दोघींची लग्नं झाली, आन् तवापासून पाहून राह्यली मी. तुले वावर काळं भोर, मले मुरमाड. तुले नातू, मले नात. माही नात मॅट्रिक झाली. रोज छोट्या गाडीनं दारव्ह्याले गेली आन् आली, इंजिनाचा धूर खाऊन. पण पोट्टीच्या मॅट्रिकचं चार पानी पत्र होत नाई. दोन वर्षं झाली, घरीच हाय. माह्यासंग पेराले येते, कापूस येचाले येते, आन् तुले असे टोमणे लिहून देते.

बाबारावले आशीर्वाद. पँट खराब करू नको म्हणा.

तुही तुळसा

•

मुकुटबन,
ता. २ एप्रिल १९६१

गं. भा. तुळसाबाई यांचे सेवेशी, रुखमाबाईचा शिरसाष्टांग नमस्कार. आपले पत्र पावून परमानंद जाहला.

वरची ओळ नानाजी गुरुजींची हाय, बाई. मले काही परमानंद झाला नाई. आता त्यायले म्हटलं, मी बोलते तसंच लिहा, नाई तं ताक देणार नाई.

कॉलेजात बैल बारा हाय, आन् ट्रॅक्टर एक. तुह्या म्हाताऱ्याची गरज नाई.

आता खरी गोष्ट ऐक. कॉलेजात पोट्टेच येत नाईत. साऱ्यायले कचेरीत बसाचं. राजूरच्या खाणीत कोळसा उकरतो म्हणतीन, पण शेतकी शिकतो म्हणत नाईत. आन् घरचे म्हणतात, वावरच करायचं तं कॉलेज कायले? त्याच्यासाठी कॉलेजचे एक साहेब, सदाशिवराव त्यायचं नाव, उन्हाळ्यात गावोगाव फिरून पोट्टे गोळा करतात. शिकून पेरलं तं काय फरक पडते थे वावरातच करून दाखवतात. आन् बोलाले संग कोणाले नेतात? आमच्या बाबारावले. साऱ्या वर्गात त्याची जबान साफ हाय म्हणे.

जूनच्या पहिल्या हप्त्यात थे तुमच्या बोरीले येऊन राह्यले. पाण्याआधीची धूळपेर असते तवा. देवरावच्या वावरात करू द्या, गाव गोळा करा. तुह्या घरी कॉलेजात धाडाले पोट्टा नाई, त्याले तुहा काही इलाज नाई. पण चहा तं करशील?

बाबाराव जसा बोलते तसा कळव मले. एक शब्द गाळू नको.

तुही रुखमा

•

बोरी अरब,
ता. ९ जून १९६१

चि. रुखमे,

एक शब्द गाळू नको म्हणालीस, तं ऐक. बस आधी.

परवा आले. साहेब लंबा माणूस, उन्हानं तांबडा झालेला, पण बोलाले गोड. बाबाराव इस्त्रीच्या पँटीत. गाव गोळा झालं. पोट्टे बांधावर, बाया बाभळीखाली. बाबारावनं आधी भाषण केलं. जबान साफ हाय, नाई म्हणत नाई. सुधारित शेती, सुधारित बियाणं, देशाले धान्य. मंग एका पोट्ट्यानं विचारलं, "साहेब, नोकरी लागते का?" साहेब म्हणाले, "लागते, पण आधी..." पोट्ट्यायनं 'लागते' ऐकलं, 'पण' ऐकलंच नाई.

इथवर सारं ठीक होतं. मंग बाबाराव म्हणाला, "आता मी स्वतः पेरून दाखवतो."

रुखमे, तू नातवाले इतकं शिकवलं, आपल्याकडे पेरते कोण थे सांगतलं नाईस काय? बैलापुढं गडी, वखरामागं बाई. सरता बाईच्या हातात, मूठ बाईची. सात पिढ्यांत गड्यानं सरता धरला नाई. आन् हा धरून उभा! थो पोकळ बांबू त्यानं असा धरला जसा लग्नातला सनईवाला. बैलं गावच्या उत्तमसिंगनं हाकलली. बाया पदर तोंडाले लावून बसलेल्या. शेजारची लालीबाई मोठ्यानं म्हणाली, "काय वं मावशे, हा पेरून राह्यला का देवाले अक्षता वाहून राह्यला?"

सरकी आम्ही शेणमातीत घोळवून ठेवली होती, तवाच दाण्यावरचं कापसाचं रोवं बसते आन् दाणे एकमेकाले धरत नाईत. त्यानं मूठच्या मूठ सरत्यात सोडली. वीस पावलं गेला आन् सरता चोंदला. त्याले पत्ता नाई! वावराच्या टोकापर्यंत, तास संपेस्तोवर चालला, मान वर करून, पुढाऱ्यावानी. लालीबाईनं जाऊन माती उकरली. वीस पावलांवर एक ढीग, आन् पुढं सारं तास रिकामं. बाया हासल्या, पोट्टे हासले, मले वाटते बैलंही हासले.

मी हासली नाई. मी जराशी खोकलली.

मंग साहेबानं मले दोन गोष्टी विचारल्या, नंदानंही काही सांगतलं. चहा झाला. गाडीची वेळ झाली म्हणून निघाले. तितकंच.

(इथं नंदाचा पेन थांबला. पुढं चाल म्हटलं मी तिले.)

बाबारावले वाईट वाटून घेऊ नको म्हणा. पुढच्या साली ये, मी सरता धराले शिकवीन. फी घेणार नाई.

तुही तुळसा

•

मुकुटबन,
ता. १८ जून १९६१

बाई,

नमस्कार. तुहं पत्र आलं त्याच दिवशी बाबाराव घरी आला. पत्रातली मजा गुरुजींनी वाचली, त्याच्या पुढची बाबारावनं सांगतली. "तितकंच" म्हणतेस? चोरटी!

साहेबानं तुले विचारलं, आजी, सरता चोंदला थे तुम्हाले कसं समजते. तू म्हणालीस, आवाज बदलते. दाणा मातीत पडते तवा एक आवाज, अडकते तवा दुसरा. साहेबानं विचारलं, दाणे किती अंतरावर पडतात. तू म्हणालीस, पडाले पाहिजे तितक्या. तवा तुही नंदा घरात गेली आन् वही घेऊन आली. सहा सालांची वही. कोण्या तारखेले पेरलं, तुह्या एका मुठीत सरकीचे दाणे किती, दोन दाण्यांत अंतर किती इंच, शंभरातले उगवले किती, नांग्या, म्हणजे दाणा न उगवलेल्या जागा, कुठं पडल्या. तू पुढं पेरत होतीस आन् थे मागं मोजत होती म्हणे. साहेब बाभळीखाली बसून सारी वही वाचत राह्यले. चहा निवून गेला. मंग म्हणाले, शाबास. आन् कॉलेजचा अर्ज काढून तिच्या हातात दिला. पंधरा जुलैच्या आत पोचला पाहिजे.

बाबाराव म्हणते, साहेब गाडीत म्हणाले, तीन जिल्हे फिरलो, पोट्ट्यायच्या पाया पडाचं तेवढं राह्यलं, आन् जिले सांगाचीच गरज नाई असं एक पोर मिळालं. थे तुह्या घरचं. हे ऐकून मी दोन दिवस नीट जेवली नाई, खोटं कायले बोलू.

पण बाई, सख्खी समजून सांगते. साऱ्या वर्गात पोट्टे, आन् ही एकटी. पोट्टी वखरामागं चालली तं कोणी पाहात नाई, कॉलेजात चालली तं सारं गाव पाहाते. आन् लग्नाचं काय? वावरातलं गड्यापेक्षा जास्त समजते अशी बायको कोणाले पाहिजे? नागपूरले तुही लेक विमल हाय खरी, पण तिच्या दोन खोल्यांत चार माणसं, वरून ही. नीट इचार कर. देवराव तं तुह्याच तोंडाकडे पाहून हो-नाई म्हणते.

तुही रुखमा

•

बोरी अरब,
ता. २३ जून १९६१

चि. रुखमाबाईस तुळसाबाईचा आशीर्वाद.

पत्र मिळाले. तू लिहिलेस ते सर्व बरोबर आहे. एकटी मुलगी इतक्या मुलांत पाठवणे योग्य नाही. लग्नाचेही वय झाले. विमलची जागा लहान आहे. देवराव म्हणाला, आई म्हणेल तसे. मी नको म्हणाले. अर्ज धाडणार नाही. पेरणी चालू आहे. बाकी क्षेम.

तुळसाबाई
(लिहिणार, शंकरसिंग, पोस्टमन)

•

मुकुटबन,
ता. १ जुलै १९६१

बाई,

तब्येत ठीक हाय ना?

गुरुजींनी तुहं पत्र वाचलं आन् मी म्हटलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. पन्नास वर्षांत तू मले पहिल्यांदा "बरोबर आहे" म्हणालीस. मी उन्हाळा म्हटलं तं तू हिवाळा म्हणणारी. माह्या लग्नातली साडी हिरवी होती का निळी, याच्यावर आपलं अजून भांडण सुरू हाय. आन् माही तीन कारणं तू जशीच्या तशी घेतलीस? एक टोमणा नाई, बाबारावच्या पँटीचं नाव नाई!

दुसरी गोष्ट गुरुजींनी दाखवली. अक्षर नंदाचं नाई. घरात लिहिणारी असून तू पोस्टात गेलीस. काहून? तिच्या तोंडाकडे पाहून सांगता आलं नाई ना?

आता माहं ऐक. थे कारणं मी जळून लिहिली होती. बाबारावले गाव हासलं आन् तुह्या नातीले शाबास मिळाली, थे मले पचलं नाई, म्हणून लिहिली. विमलच्या खोल्या किती थे मले काय ठाऊक? मी तिच्या घरी कधी गेली? थे कारणं माही हाय. मले परत कर. तुले नाई म्हणाचं असंन तं स्वतःची शोध.

पण तुह्याजवळ एकच कारण हाय, आन् थे मी ओळखते, कारण आपण दोघी एका मापाच्या हाय. मी तुह्यावर जळते, तू माह्यावर जळते, त्याची आपल्याले सवय हाय. यावेळी तू माह्यावर जळून नाई राह्यली. तू पोट्टीवर जळून राह्यली.

चुकलं असंन तं दोन शिव्या लिहून धाड. बरं वाटंल मले.

तुही रुखमा

•

बोरी अरब,
ता. ९ जुलै १९६१

रुखमे,

शिव्या धाडत नाई. त्याचं वाईट वाटून घे.

तुहं पत्र आलं तवा शंकरसिंगले म्हटलं, बाबा, इथंच वाचून दे. थो म्हणाला, "माय, झोळी भरली हाय, आन् वाचणारी तं समोर उभी हाय." नंदानं त्याच्या हातातून घेतलं. काय सांगू, नको वाचू म्हणू? वाचाले लागली. पोस्टात लिहून घेतलेलं माहं पत्र, देवरावले मी नको म्हणाली थे, सारं तिले तिथंच समजलं. तोपर्यंत पोट्टी समजत होती का बापानंच अजून सही केली नाई. तुह्या त्या शेवटच्या ओळीवर आली. थांबली नाई. शाळेत धडा वाचतात तशी सपाट वाचून गेली. "तू पोट्टीवर जळून राह्यली." मंग घडी केली, माह्या हातात दिली आन् पाण्याले गेली. दोन दिवस बोलली नाई. काम सारं केलं. भाकर वाढली, पाय चेपले, फक्त बोलली नाई. यापेक्षा तिनं वही माह्या डोक्यावर हाणली असती तं बरं झालं असतं.

आज मीच तिले बसवलं. म्हटलं, पेन घे, रुखमाआजीले लिहाचं हाय, आन् मी जे सांगीन थे सारं लिहाचं. थे लिहून राह्यली. मान खाली हाय, तोंड दिसत नाई.

तं ऐक. होय. जळली मी.

पन्नास साल झाले मले सरता धरून. सासूनं पहिल्या दिवशी हातावर मारलं होतं, मूठ सैल सोडली म्हणून. त्या मुठीनं मी देवराव वाढवला, हे घर उभं केलं. गावातल्या नव्या सुना माह्या मागं चालून शिकल्या. पण कोणी शाबास म्हटलं नाई. म्हणाचं असते थे मलेही ठाऊक नव्हतं. बाई पेरते, त्यात शाबास कसली?

आन् त्या दिवशी कॉलेजचा साहेब माह्या वावरात बसला. मले वाटलं, आता माह्याकडे पाहीन. त्यानं वही पाहिली. पान उलटवलं, पुन्हा पाहिली. वहीत काय होतं? माही मूठ. माहे दाणे. माह्या तासातलं अंतर. सहा सालं थे पोट्टी मागून मोजत होती, मले वाटे खेळून राह्यली. साहेबानं विचारलं, "कोणी शिकवलं तुला?" ही म्हणाली, "आजीनं." खोटं नाई बोलली. साहेबानं माह्याकडे पाहून मान हलवली, आन् शाबास म्हणाले तिले. हात माहा, शाबास तिले.

त्यायचंही चुकलं नाई. मी मेली का माहा हात संपला. तिची वही राहाते. हे मले तवाच समजलं, आन् म्हणूनच जास्त जळलं. चहासाठी चूल पेटलेलीच होती. एक घडी असं वाटलं, थे वही उचलावी आन् घालावी त्याच्यात.

(पोट्टीनं आता वर पाहिलं. थांबू का म्हणते. नको, लिही.)

तुह्यावर जळणं सोपं हाय वं. तू दूर हाय, आन् तुले मी दोन टोमणे मारले का भाकर गोड लागते. हिले कोणता टोमणा मारू? माहीच मूठ घेऊन चालली. मले एक अक्षर येत नाई, तुले येत नाई. आपल्याले जे येते थे आपल्यासंग जळणार. आन् ही उद्या कोणत्या तरी गावात बांधावर उभी राहीन, पोट्टे हिले बाई म्हणतीन, आन् ही सांगीन, सरत्याचा आवाज ऐका. त्यायले कोण सांगणार, हे बोरीच्या एका बुढीनं सांगतलं होतं?

आता तुहा सवाल. कारणं तुही परत केली. माहं मी दोन दिवस उलटून पालटून पाहिलं. त्याच्यात पोट्टीचं काही नाई, माहंच हाय सारं. तं मंग त्याच्यासाठी तिनं कायले घरी बसाचं?

सकाळी देवरावले म्हटलं, सही कर. म्हणे, "माय, तू तं नको म्हणालीस." म्हटलं, तवा नको म्हणाली, आता हो म्हणते, बुढ्या माणसाले इतकी मुभा असते. त्यानं केली. विमलले कार्ड टाकलं. तिचं उत्तर काहीही येवो, मीच जाऊन तिच्या खोलीत ताणून झोपीन, मंग तिले नंदा लहानशीच वाटंल. दुपारच्या गाडीनं अर्ज गेला. साऱ्या गावानं पाहिलं. लालीबाई म्हणाली, "मावशे, आता सरत्यावर कोण?" म्हटलं, तू. शीक आता.

माहं जळणं मात्र गेलं नाई, रुखमे. उगाच मोठी झाली असं समजू नको. अर्ज गेला, थे इथंच हाय. पेरणीच्या दिवसात जास्त होईन, मले ठाऊक हाय. तवा तुले पत्र टाकीन. कोणाकडून लिहून घेईन थे पाहू.

बाबारावले सांग, कधी एका वर्गात आले तं आमची पोट्टी त्याच्या मागं बसंल. पुढं बसली तं त्याले फळा दिसणार नाई.

आता खाली काही लिहाचं हाय म्हणते नंदा, तिच्याकडून. काय थे सांगत नाई. लिहू दे. मले वाचता येत नाई, याचा एकदा तरी तिले फायदा होऊ दे.

तुही तुळसा

•

रुखमाआजी,

आजी समोरच बसली आहे आणि माझ्या पेनाकडे पाहते आहे. लवकर लिहिते.

अर्जात एक रकाना होता. शेतीचे यापूर्वीचे शिक्षण कोठे व कोणाकडे घेतले. बाबा म्हणाले, काही नाही म्हणून लिही, किंवा रेघ मार. मी रेघ मारली नाही. तिथे लिहिले: श्रीमती तुळसाबाई, बोरी अरब, सहा वर्षे.

तिला एवढ्यात सांगू नका. आधी तिथून उत्तर येऊ द्या. नाहीतर आजच अख्ख्या बोरीत सांगत सुटेल, आणि लालीबाईला उद्यापासून फी मागेल.

नंदा